हाजी यदुल्लांच्या घरातून जाणारी वाट

माझी जाऊ तूबा हिला मी आजवर एकदाही अख्खा पेला चहा बसून पिताना पाहिलेलं नाही. अर्धा झाला की तिला काहीतरी आठवतं आणि ती उठते. आम्ही दोघी एकाच अंगणात नांदायला आलो, मधे हौद, अलीकडे मी आणि पलीकडे ती. त्यामुळे तिच्या उठण्याबसण्याचा आवाज माझ्या कानांना माझ्या नवऱ्याच्या घोरण्याइतकाच ओळखीचा आहे. अशा पायाला भिंगरी लागलेल्या बाईच्या नशिबी काम मात्र आलं ते ढुंगण हलू न देणारं. ती रजया शिवते. नवऱ्या मुलींच्या रुखवतातल्या साटीनच्या रजया, थंडीत खाली शेगडी ठेवलेल्या मेजावर घालायच्या मोठाल्या रजया. अलवंद पहाडाच्या या बाजूला लग्न ठरलं की मुलीची आई आधी तूबाकडे येते आणि मग हॉल बघायला जाते.

तिचं डोंगरावर जाणं सुरू झालं ते तिची आई गेली त्या शरदात. सकाळी ती सुई घेऊन बसली आणि तिचे पाय जागेवर राहिनात. तिने सुई तशीच कापडात खोचली आणि बाहेर पडली. परत आली तेव्हा अंगावरच्या चादरीला काटे चिकटलेले होते आणि गाल लाल झाले होते. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणाली, वर. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. तिचा नवरा, माझा दीर कुद्रत, मिनीबस चालवतो, थंड डोक्याचा माणूस. तो म्हणाला, जाऊ द्या तिला, घरातले पेले फुटण्यापेक्षा बरं. मग एका पहाटे मी दार उघडलं तर माझे बूट दाराबाहेर नाडी सैल करून ठेवलेले. माझा गुडघा दुखतो हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, दुखणारा गुडघा घरात दुखतो तसाच वर दुखेल, चल.

असं करत करत तिने गल्ली रिकामी केली. नानवायाची, म्हणजे रोटीच्या भट्टीवाल्याची, विधवा अक्दस आली, जिला जिना चढताना धाप लागायची. सुनांबरोबर सासवा आल्या. चाळीसेक बायका झाल्या. आमच्या गावात बाईमाणसाला सकाळी मोकळा श्वास घ्यायला जागा कुठे आहे? सार्वजनिक बागेत एकटी बाकावर बसली की ओळखीचे विचारतात, काय झालं, घरी भांडण झालं का. डोंगरावर कुणी काही विचारत नाही. तिथे वाटेत जो भेटेल तो 'दमू नका' एवढंच म्हणतो, आपणही 'दमू नका' म्हणायचं आणि पुढे जायचं. बाजारात मान वर करून न बघणारा कापडवालासुद्धा तिथे म्हणतो.

पण तूबाबरोबर नुसतं फिरून भागत नाही. तिचे कायदे आहेत. ओढ्यापाशी प्रत्येकीने एक दगड उचलायचा आणि घसरणीच्या चढापर्यंत न्यायचा. तिथे ती आणि अक्दस ते दगड रचून पायऱ्या करतात. येताना हातात कचरा, आपला असो वा परक्याचा. आणि बागेतून जाताना खाली पडलेला अक्रोड खिशात घालायचा नाही, बुंध्यापाशी फेकायचा. अक्दसचा हात एकदा खिशाकडे गेला तर तूबाने तिला परत पाठवून तो अक्रोड बुंध्यापाशी ठेवायला लावला. मी या कायद्यांना पुष्कळ नावं ठेवली आहेत. म्हातारपणी गाढवाचं काम करायला लावते म्हणून मी दर चढावर तिला ऐकवते. दगड मात्र मीही उचलते, कारण नाही उचलला तर ती दोन उचलते.

ती बाग हाजी यदुल्लांची. गल्लीच्या टोकाला मातीच्या भिंतीत खालचं दार, तिथून पाटाच्या कडेने अक्रोडाच्या सावलीत वर जायचं, वरच्या दारातून बाहेर पडलं की डोंगर. दुसरा रस्ता आहे, पण तो दगडखाणीचा. तिथे मालमोटारी धावतात आणि धुळीत स्वतःचा हात दिसत नाही. बागेचं दार आम्हाला उघडं मिळालं तेही गंमतीनेच. पहिल्या वर्षी तूबा खाणीच्या रस्त्यानेच जायची. एकदा भिंतीखालून गल्लीत येणारा पाट पानांनी तुंबलेला दिसला. हिला राहवतंय थोडंच, बाह्या सारून हिने तो साफ केला. हाजींनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे दोन्ही दारं उघडी. तेव्हापासून पाट साफ करायचं काम आमचं झालं.

हाजी यदुल्लांचा स्वभाव सगळ्या गावाला ठाऊक होता. आमच्याकडे तारोफ असतो. दुकानदार म्हणतो, राहू द्या हो, दुकान तुमचंच आहे, आणि गिऱ्हाईक म्हणतं छे छे, आणि पैसे देतं. कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. न बोलता दोघांनाही कळतं. हाजींना हे कधी कळलंच नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मिठाईवाला म्हणाला, तुमचंच आहे, तर हे डबा काखेत मारून आभार मानून निघाले. एका शेजाऱ्याच्या नव्या कोटाचं कौतुक केलं, तो सवयीने म्हणाला, तुम्हाला शोभेल, घ्या. तो शेजारी अजून दर थंडीत आपला कोट हाजींच्या अंगावर बघतो. वाईट माणूस नव्हे. त्याला जे सांगाल ते तो खरं मानायचा, एवढंच. त्यामुळे त्यांच्यासमोर लोक जीभ आवरून बोलायचे.

अक्रोड झोडून झाले त्या आठवड्यात हाजी आमच्या अंगणात आले. एका खांद्यावर अक्रोडांची गोणी. आम्ही सातआठ जणी बसून एका लग्नाच्या रजईसाठी लोकर निवडत होतो. गोणी हौदाच्या काठावर ठेवून ते उभ्यानेच बोलले.

"तूबा, पोरं वाटणी मागतायत. मी पाटाकडची पट्टी बाजूला काढतो, तुमच्या वाटेसाठी. तुझ्या नावाने करू की गावाच्या, ते सांग."

तूबा चहाचं तबक घेऊन येत होती. तिच्या तोंडून जे निघालं ते तिच्या आईने तिला पाळण्यात शिकवलेलं होतं.

"हे काय बोलता हाजी आगा? बाग तुमची, तुमच्या लेकरांची. आम्हाला कसला हक्क. तुम्ही दार उघडता तेच आमच्यावर मोठे उपकार."

हाजी तिच्याकडे बघत राहिले. "नको म्हणतेस? नीट विचार कर. पट्टी देतोय मी."

"तुमची सावली आमच्यावर राहो, त्यातच सगळं आलं," तूबा म्हणाली आणि तबक पुढे केलं. "पट्टीबिट्टी कशाला? चहा घ्या."

"बरं," हाजी म्हणाले. चहा न घेता निघून गेले.

मी लोकरीतून मान वर काढली आणि म्हटलं, "अगं बये, हा यदुल्ला आहे."

तूबाच्या हातातलं तबक वाकडं झालं आणि पेले घरंगळले. ती एका पायात चप्पल घालून दारापर्यंत धावली. हाजी गल्लीच्या वळणावर दिसत होते, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारून म्हणायचं काय? आत्ता नको म्हटलं ते द्या? दोन वेळा नाकारलेली वस्तू मागून घ्यायला मागे धावणारी बाई आमच्या गल्लीत आजवर झाली नाही. ती चौकट धरून उभी राहिली. मग परत आली, म्हणाली, उद्या तिसऱ्यांदा म्हणतील. अक्दसने फक्त नि:श्वास सोडला, आणि तिचा नि:श्वास पलीकडच्या गल्लीतही ऐकू जातो.

दुसऱ्या दिवशी दार उघडं होतं आणि हाजी पाटाच्या कडेला उभे होते. तूबा त्यांच्याजवळ रेंगाळली, तब्येत विचारली, अक्रोड यंदा कसे भरलेत म्हणाली. हाजी म्हणाले, तब्येत बरी आहे, अक्रोड चांगले भरलेत. संपलं. असं बर्फ पडेपर्यंत चाललं. ती रोज त्यांच्या पुढ्यात बोलणं आणून ठेवायची आणि ते रोज विचारलेल्या प्रश्नाचं तेवढंच उत्तर द्यायचे. मला कधी तिची कीव यायची, कधी हसू, आणि कधी दोघांचाही राग. घरी आली की ती रजईपाशी बसायची आणि उठायची. दोन टाके, की उठायची.

थंडीत हाजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कराजला मुलीकडे गेले. नवरोजच्या आधी बर्फ वितळलं, आम्ही बूट झटकून बाहेर पडलो, तर खालच्या दाराला कुलूप. नवंकोरं, पितळी. शेजारी पाटी लागलेली, तिच्यावर हातात काठी घेऊन हसणारी एक तरुण बाई, मागे डोंगर, आणि लिहिलेलं की इथे लवकरच पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या, डोंगराची हवा, पाण्याचा आवाज. हाजींच्या मोठ्या मुलाने, फरामर्जने, वाटणी करून घेतली होती. अक्दस पाटीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, या बयेने आमच्या पायऱ्यांवरून चालायचं आणि आम्ही बाहेर. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ज्या दगडांसाठी माझा गुडघा गेला, ते दगड आता तेहरानची माणसं फोटोत काढणार.

तूबा त्याच दिवशी फरामर्जला भेटायला गेली. मी बरोबर होते. फरामर्ज म्हणजे बापाच्या उलटा. बाप तारोफ ओळखत नाही आणि मुलगा तारोफाशिवाय शिंकत नाही. आम्हाला बघताच तो उठला, खुर्च्या पुसल्या, बर्फी मागवली. म्हणाला, खानम, बाग तुमचीच आहे, तुमचे पाय माझ्या डोळ्यांवर, तुम्ही तर आम्हाला आईच्या जागी. तूबाने विचारलं, मग कुलूप? तो म्हणाला, कुलूप तुमच्यासाठी थोडंच आहे, चोरांसाठी आहे, मी बघतो, दोन दिवस द्या. निघताना त्याने आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि हात छातीवर ठेवून तीनदा वाकला. कुलूप जिथे होतं तिथेच राहिलं. दोन दिवसांनी गेलो तर अजून गोड बोलला. तिसऱ्या खेपेला मीच तूबाला आवरलं. म्हटलं, साखर खाऊन तुझे दात पडतील, पण दार उघडायचं नाही.

मग खाणीचा रस्ता. पहिल्या दिवशी आल्या सगळ्या, तोंडाला फडकी बांधून. मालमोटार आली की भिंतीला चिकटायचं आणि ती गेली की खोकायचं. एकदा वळणावर मोटार अंगावर आली आणि अक्दसने चरात उडी मारली. पाय मुरगळला. तिच्या मुलाने सांगितलं, आता पुरे. मग सुनांचे नवरे बोलले, मग सासवा आपापल्या गुडघ्यांना भ्यायला लागल्या. रोज एखादी कमी व्हायची. चाळीसच्या पंधरा झाल्या, पंधराच्या पाच, आणि मग आम्ही दोघी. आणि माझं काय, मी तर घरातच बरी होते असं मला वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी दाराबाहेर बूट ठेवलेले नसले की मला चुकल्यासारखं व्हायचं. बूट ठेवलेले नसायचेच.

तिने जाणं सोडलं नाही, जाण्याची दिशा सोडली. अंगणात हौदाभोवती फिरायची. पहाटे मला पावलं ऐकू यायची, गोल, गोल. रजई तिने दोरीवर टांगली आणि उभ्याने शिवायला लागली. उभ्याने घातलेले टाके तिरके गेले. एका नवरीची आई रजई परत घेऊन आली, उलगडून दाखवली आणि तिथेच ठेवून गेली. असं आजवर कधी झालं नव्हतं. कुद्रतने मला बाजूला घेऊन विचारलं, हिला झालंय काय, डॉक्टरकडे नेऊ का. मी म्हटलं, डॉक्टरकडे बागेची किल्ली असली तर ने.

एका दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती उभीच होती. मी म्हटलं, झालं ते झालं, डोंगर कुठे पळून जात नाही. तेव्हा ती म्हणाली, "पूरान, खोलीत बसलं की माझ्या छातीवर कुणीतरी बसतं. वर गेलं की उठतं. आणि हे मला एकटीला होत नाही. अक्दस आता दिवसभर झोपते, ठाऊक आहे तुला? तिला मीच उठवून नेलं होतं. आणि तिचं दार मीच बंद केलं, दोन शब्द जास्त बोलून."

तिच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण ती असं काही बोलली नव्हती. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. मी म्हटलं, हाजी परत आलेत. आजच आलेत. उठ, म्हणजे, चल.

हाजींचं घर बागेला लागून, गल्लीच्या बाजूला अंगण आणि घराच्या मागे त्यांनी स्वतःकडे ठेवलेला झाडांचा तुकडा. ते डोळ्यावर पट्टी बांधून गादीवर टेकून बसले होते. आम्ही चहा घेतला. म्हणजे मी घेतला, तूबाने अर्धा. तिने ऑपरेशनची चौकशी केली. हाजींनी ऑपरेशनचं सांगितलं. तिने कराजच्या हवेची चौकशी केली. त्यांनी कराजची हवा सांगितली. मुलगी, नातवंडं, रस्त्यातली गर्दी. मी तिला कोपराने ढोसलं. ती म्हणाली, यंदा पाटात पानं फार साचली असतील नाही. हाजी म्हणाले, असतील. मी तिला चिमटा काढला, चांगला जोरात, आणि तिच्या तोंडून ते एकदम सुटलं.

"हाजी आगा, मला वाट पाहिजे. तुम्ही देत होता आणि मी नको म्हटलं, ते खोटं होतं. मला पाहिजे होती. अजून पाहिजे."

बोलून झाल्यावर तिचा चेहरा असा झाला की जणू तिने भर बाजारात डोक्यावरचा रुमाल काढला.

"मी तुला दोनदा विचारलं," हाजी म्हणाले. "जन्मात मी कुणाला कुठली गोष्ट दोनदा विचारलेली नाही. बायकोला लग्नाचंसुद्धा एकदाच विचारलं. तुला दोनदा विचारलं, आणि तरी तू नको म्हणालीस. मला वाटलं, हिला माझ्या उपकाराचं ओझं नको."

तूबाने तोंडाला चादरीचं टोक लावलं. मीच म्हटलं, तिसऱ्यांदा विचारायचं असतं हाजी आगा. ते म्हणाले, हे मला कुणी सांगितलं नाही.

पट्टी आता त्यांची राहिली नव्हती. फरामर्जच्या नावावर सही करून गेली होती, आणि ते मुलाला दिलेला शब्द मोडणार नव्हते. त्यांच्या हाती उरलं होतं हे घर आणि मागचा तुकडा. मग म्हणाले, घरातून जा. आम्हाला वाटलं चला, हाकललं. पण ते नेहमीसारखं शब्दशः म्हणत होते. पुढच्या दाराने या, घरातल्या बोळातून मागे जा, मागच्या भिंतीतलं जुनं दार बायको होती तेव्हा तिने शेळ्यांपायी विटांनी बुजवलंय, ते फोडा, की डोंगर. आमच्या दोघींच्या तोंडी एकदम 'छे छे, असं कसं' आलं होतं. तूबाने ओठ दातांत धरले. मी तिच्याकडे बघून माझे धरले. मग तिने म्हटलं, "बरं. उद्यापासून."

विटा आम्हीच काढल्या. मग कुद्रतने तिथे चौकट बसवून दिली. पहिल्या सकाळी अक्दस काठी टेकत आली, आणि तिच्यामागे बाकीच्याही. आता प्रश्न आला बुटांचा. कुणाच्या घरातून बूट घालून कसं जायचं, आणि चाळीस बायकांनी बूट काढून घालायचे तर दुपार होईल. तूबाने बोळातला गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केला आणि हाजींना सांगितलं, हा आता इथेच राहील. हाजी म्हणाले, राहू दे. त्यांची गादी बोळाच्या तोंडाशी होती. एकेक बाई समोरून जाताना म्हणायची, दमू नका हाजी आगा. आणि गादीवर पडलेला माणूस प्रत्येकीला उत्तर द्यायचा, मी दमलेलो नाही, पडून आहे.

असा तो वसंत चांगला गेला. चढावर आंबट देठांची रानटी रेवास उगवली, ती आम्ही मिठाशी खाल्ली. पायऱ्यांना पाच-सहा दगड नवे लागले. तूबा बसून शिवू लागली, टाके सरळ झाले. पण तिच्या पावलांचा आवाज मला पुन्हा ऐकू आला, हौदाभोवती, पहाटेच्या आधी. आता काय म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, हाजी खोकतायत.

मग आमच्या सगळ्यांच्याच ते डोक्यात शिरलं. हाजी गेले की घर फरामर्जचं. तो छातीवर हात ठेवून वाकेल आणि मागचं दार बुजवेल. त्या दिवसापासून हाजींची जी सेवा सुरू झाली ती सख्ख्या मुलींनी केली नसती. एक सलगमचं सूप आणायची, एक मधातलं आलं. त्यात मीठ किती यावरून अक्दस आणि दुसऱ्या एकीचं भांडण झालं. जी ती विचारायची, आज झोप लागली का, खोकला कसा आहे, पाय सुजले का. मला सांगायला लाज वाटते, पण मी स्वतः नमाजात त्यांच्यासाठी आयुष्य मागितलं ते रस्त्यासाठी मागितलं. हाजी साधे असले तरी मूर्ख नव्हते. सूप प्यायचे आणि आमच्याकडे बघत राहायचे.

शेवटी तूबानेच ते केलं. या वेळी मला चिमटा काढावा लागला नाही. सगळ्या बोळात उभ्या असताना ती त्यांच्या गादीपाशी गेली आणि म्हणाली, "हाजी आगा, घराचा हा बोळ आणि मागचा तुकडा वाटेसाठी वक्फ करून द्या. तुमच्यानंतर आम्हाला दार उघडं पाहिजे."

माणसाच्या तोंडावर त्याच्या मरणाचं बोलायचं, तेही सकाळच्या प्रहरी. अक्दस पुटपुटली, अल्ला तुमचं आयुष्य वाढवो, आणि मागून सगळ्यांनी तेच म्हटलं. हाजींनी हात हलवून त्यांना गप्प केलं.

"लिहून दिलं," ते म्हणाले, "की मग माझ्या खोकल्याची चौकशी कोण करणार?"

झालं, बोळात कल्लोळ उठला. आम्ही करू, रोज करू, तुम्ही आमच्या वडिलांच्या जागी, तुमचे पाय आमच्या डोळ्यांवर. हाजींनी पुन्हा हात हलवला.

"यांचं सगळं मला ठाऊक आहे. तू बोल."

तूबा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. वर जायची वेळ टळत चालली होती आणि तिला उभं राहवत नव्हतं. मला तिची भीती वाटली. हा माणूस जे ऐकेल ते धरून बसणार, आणि ती जे म्हणेल ते तिला निभवावं लागणार.

"रोज नाही विचारणार," ती म्हणाली. "मला घाई असते हाजी आगा. कधी कधी तुमच्याकडे न बघता निघून जाईन. बसणार तर कधीच नाही, मला बसवत नाही. पण तुम्ही इथे दिसला नाहीत, तर मी पुढे जाणार नाही. थांबेन."

"किती वेळ?"

"दिसेपर्यंत."

हाजींनी भिंतीशी टेकवलेली काठी चाचपली आणि दुसरा हात तिच्याकडे केला, उठवायला.

"चल मग," ते म्हणाले. "नोंदणीची कचेरी दुपारी बंद होते."